आप्पाची दोन गाणी: जैसलमेर ते कबनूर

सुट्टी मागायला गेलो तेव्हा साहेबानं विचारलं, घरी कुणी गेलं का. मी म्हणालो, माणूस नाही गेलं, आवाज गेलाय. त्याला काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यानं दहा दिवस दिले.

माझ्या जुन्या पोस्टी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, मी जैसलमेरच्या पुढं सोलरच्या कामावर आहे. पॅनेल बसवायची, धुवायची, मोडली की बदलायची. कॅम्पात नेट नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की साधा फोन लागतो. नेट पाहिजे तर रविवारी जीपनं ढाब्यावर जायचं. म्हणून ऐकायचं ते सगळं फोनमध्ये भरून ठेवावं लागतं, आणि माझ्या फोनमध्ये आप्पाची गाणी होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. कबनूरला यंत्रमागावर उभी हयात काढली. सोबत भीमगीतांची पार्टी होती. गाणी स्वतः जुळवायची, जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला गावोगाव गायची. नेसरीपासून पार कर्नाटक सीमेपलीकडच्या वस्त्यांपर्यंत गेले. कॅसेटी झिजायला लागल्या तेव्हा आप्पांनी त्या सगळ्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. चौसष्ट गाणी. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून आप्पा पाटीवर लिहून बोलतात.

ऑपरेशननंतर मी घरी गेलो होतो तेव्हा फोनवर आणि कॉम्प्युटरवर एक ॲप टाकलं. घरच्या फोल्डरात जे असेल ते फोनवर यायचं, दोन्हीकडं सारखं राहायचं. ‘दोन्हीकडं सारखं’ याचा दुसरा अर्धा भाग मी कधी विचारात घेतला नाही. महिन्यापूर्वी वाळूच्या टेकड्यांवर याच ब्लॉगसाठी उंटांचे व्हिडिओ काढत होतो. फोन भरला. आप्पाचा फोल्डर सगळ्यात जड होता, तो पुसला. म्हटलं, घरी आहेच, परत घेऊ. रविवारी ढाब्यावर चहा प्यालो. तिथं नेट आलं आणि फोननं गपचूप आपलं काम केलं. इकडं नाही म्हणजे तिकडंही नाही.

त्या फोल्डरात एक फाइल गाण्याची नव्हती. तिला नाव नव्हतं, नुसते आकडे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आप्पांनी माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं. मी ती ऐकलीच नव्हती. बोट तिथवर जायचं आणि मागं यायचं. निवांत ऐकू, म्हणायचो.

तीन दिवसांनी मी टाकीवर असताना आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घरीच लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते.

“दिन्या, आप्पाच्या गाण्यांचा फोल्डर रिकामा दिसायलाय. तू काय केलास काय?”

“मी कुठं काय केलंय?” मी म्हणालो.

हे एवढं खोटं घेऊन मी निघालो.

जैसलमेरहून जोधपूर बसनं सहा तास. खिडकीची जागा उजवीकडं घेऊ नका, दुपारभर ऊन तोंडावर येतं. माझ्या तोंडावर आलं, पण उठून दुसरीकडं बसावंसं वाटलं नाही. जोधपूरला स्टेशनबाहेर मिरचीवडे खाल्ले आणि पुण्याच्या गाडीत बसलो. स्लीपरला चादर स्वतःची न्या. पहाटे गुजरातेत गारवा असतो.

समोरच्या बर्थवर विट्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. जोधपूरला त्यांचं गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. मराठी ऐकून खूश झाले. भडंगाची पिशवी पुढं केली.

“कुठलं पावणं?”

“कबनूर. इचलकरंजीला लागून.”

“मग मागावर काम सोडून वाळवंटात कशाला मरायला गेलतास?”

“एका जागी बसवत न्हाय मला.”

“आता तर दिवसभर बसलायस. तोंड का पाडलंयस ते सांग.”

परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. मी सगळं सांगितलं, पुसलं ते आणि खोटं बोललो तेपण. ते भडंगातले शेंगदाणे निवडत बसले. मग म्हणाले, “आम्ही दुकानातली धूळ टाकत न्हाय. केर, हात पुसलेलं फडकं, पायपुसणं, सगळं साठवतो. वर्षातनं एकदा ते जाळून गाळतो. सोनं निघतंय. तुझा मुद्देमाल गेला, बरं. पण त्येचा केर कुठं कुठं पडलाय, ते बघितलास का?”

मला त्या वेळी ते बोलणं नुसतं बोलण्यासारखं वाटलं.

पुण्यात उतरून स्वारगेटला गेलो. थेट इचलकरंजीची एसटी सुटली होती, म्हणून कोल्हापूरची पकडली. हायवेचं काम चालू आहे, वेळ धरूनच निघा. कोल्हापुरात स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पाव नव्हे, स्लाइस ब्रेड, आणि कट परत मागितला तर कुणी तोंड वाकडं करत नाही. इचलकरंजीच्या गाडीत अर्धे लोक वाडीला निघालेले. तुम्हालाही नृसिंहवाडी करायची असेल तर ही वाट बरी पडते. येताना बासुंदी खा. मी मात्र हातकणंगल्यानंतर खिडकीतून बघत नव्हतो. कान देऊन बसलो होतो. कबनूर आधी ऐकू येतं, मग दिसतं. मागांची खटखट सुरू झाली की उठायचं.

आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. बारीक झालेत. गळ्याला पांढरा रुमाल. मी पाया पडलो, बॅग ठेवली आणि तिथंच, पाणी पिण्याआधी म्हणालो, “आप्पा, गाणी माझ्याकडनं गेली.”

त्यांनी मांडीवरची पाटी उचलली. लिहिलं: ‘म्हायती हाय.’

मी आक्काकडं बघितलं. ती चुलीशी, पाठमोरी. “ॲपमध्येच लिहून आलतं की,” ती म्हणाली. “दिनेशच्या फोननं पुसलं. वाचता येतंय मला.”

“मग फोनवर विचारलीस कशाला?”

“तू सांगतूस काय ते बघायला.”

आप्पांनी पाटी पुसून दुसरं लिहिलं: ‘जेव आधी.’

भाकरी, आमटी, खर्डा. आप्पांना मऊ भात.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर इचलकरंजीला दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं दुपारपर्यंत यंत्र लावून ठेवलं. निघालेल्या फाइली वाजवल्या तर नुसती खरखर. आक्कानं मधल्या दिवसांत लोकांचे फोटो आणि कागदं भरली होती, ती नेमकी त्याच जागेवर बसलेली. “वर दुसरं लिहिलं गेलंय, मालक,” तो म्हणाला. त्यानं पैसे घेतले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

परत येताना एका मागाच्या शेडसमोर थांबलो. इथं आप्पा शेवटची काही वर्षं कामाला होते. दारातून बघितलं तर मागांच्या वर लोखंडी पट्टीला बांधलेला छोटा स्पीकर. आत मेमरी कार्ड. त्या आवाजात काय ऐकू येतं देव जाणे, पण कामगार तो लावतातच. आणि तिथं उभ्या उभ्या मला गाडीतल्या म्हाताऱ्याचा केर आठवला.

रविवारी सकाळी आमच्या घरी रांग लागायची. गल्लीत कॉम्प्युटर असणारं आमचंच घर, म्हणून मागावरचे लोक कार्डं भरून घ्यायला यायचे. सिनेमाची, लावणीची, कन्नड, कायबी. आप्पा सगळं भरून द्यायचे, एका अटीवर. आधी दोन गाणी आप्पाची, मग तुझी. प्रत्येकाला वेगळी दोन. लोक त्याला आप्पाचा टॅक्स म्हणायचे.

मी धावत घरी आलो. आक्काकडून कार्ड रीडर घेतला. “आक्का, टॅक्स परत गोळा करायचा हाय.”

तीन दिवस मी तेच केलं. सकाळी पाळी बदलते तेव्हा शेडच्या दाराशी उभा राहायचो. बाहेर पडणाऱ्याच्या केसांवर, भुवयांवर कापूस. बाबूमामा म्हणून आप्पाचे जुने जोडीदार आहेत, माग दुरुस्त करणारे आणि पार्टीत आप्पामागं गाणारे. ते माझ्यासोबत उभे राहून प्रत्येकाला ओरडायचे, “ए, कार्ड काढ. आप्पाचं काय हाय त्यात?”

“पुसलं की ते, मामा. जागा लागत होती.”

“अजून एक हुशार,” मामा माझ्याकडं बघून म्हणायचे.

एकानं कार्ड मुलीच्या बाहुलीत घातलेलं, बाहुली गाते म्हणून. एकाचं कार्ड सासुरवाडीला. एका बाईनं कार्ड देताना विचारलं, “परत देणार न्हवं? आप्पाच्या त्या गाण्यावर माझं पोरगं झोपतंय.” मी तिथंच कॉपी करून कार्ड तिच्या हातात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजली. एकेचाळीस गाणी. कॉम्प्युटरवर लावली तेव्हा आप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. बोटं मांडीवर ठेका धरत होती. एका ठिकाणी बोटं थांबली, भुवई वर गेली. पाटीवर लिहिलं: ‘हितं बाबू बेसूर.’ शेजारी बसलेले बाबूमामा म्हणाले, “एवढी गाणी गेली आणि नेमकं हेच राहायचं होतं काय.” आप्पा हसले. हसण्याचा आवाज येत नाही, खांदे हलतात.

आकड्यांची ती फाइल मात्र कुठल्याच कार्डात नव्हती. ती कुणाला दिलेलीच नव्हती. मी आप्पांना विचारलं, “त्यात काय म्हणाला होतास?” त्यांनी पेन्सिल धरली आणि खाली ठेवली.

निघायच्या दिवशी आक्का स्टॉपपर्यंत आली. गाडीला वेळ होता.

“मी होते तिथं,” ती म्हणाली. “आप्पा बोलत होता तवा. कॉम्प्युटरचा माइक मीच धरलता.”

मी खिशातून फोन काढला, रेकॉर्ड करायला. तिनं माझा हात खाली दाबला.

“ठेव ते. कानानं ऐक.” मग तिनं सांगितलं. “पयल्यांदा नुसतं, चालू झालंय काय ग, चालू झालंय काय. मग म्हणाला, दिन्या, उद्यापास्नं मी बोलायचा न्हाय. तू गप बसशील, म्हायती हाय मला. फोन करून आक्काशी बोलून ठेवशील. तसं करू नको. मला फोन दे म्हण. मी हूं म्हणणार न्हाय, पण हाय मी तितं.”

गाडी आली. मी चढलो. हातकणंगल्यापर्यंत तिकीट काढायचं सुचलं नाही, कंडक्टरनंच खांद्याला हात लावला.

वर्षभर मी नेमकं तेच केलं होतं. टाकीवर चढायचो, आक्काला विचारायचो, आप्पा बरा हाय काय, आणि ठेवून द्यायचो. जो बोलत नाही त्याच्याशी काय बोलणार, असं वाटायचं.

आता कॅम्पात परत येऊन बारा दिवस झाले. तुमच्या घरीही कुणाचा आवाज कॉम्प्युटरवर असेल तर एवढं करा: फोन जोडताना ‘दोन्हीकडं सारखं’ निवडू नका, घराकडून फोनकडं एवढंच ठेवा. आणि एक नक्कल तिसऱ्याच्या घरी. आमची बाबूमामांकडं आहे. फोनमधले उंटांचे व्हिडिओ मी काढून टाकले, म्हणून या पोस्टला एकही फोटो नाही. तेवीस गाणी गेली ती गेली. ती फाइलही गेली. मी रात्री एक गाणं लावतो, घरीच भरलेल्या कॅसेटीतलं, तेव्हा मागून मागाची खटखट येते आणि त्यावर आप्पाचा आवाज, जोरकस, कुणालाही न घाबरणारा.

रोज काम संपलं की टाकीवर चढतो. आक्का फोन आप्पांच्या कानाला लावते. मी सांगतो, आज वारा होता, वाळू पॅनेलवर बसली, दोनदा धुवावं लागलं, जेवायला बटाटाच होता. पलीकडं शांत असतं. मग मी विचारतो, “आप्पा, हाईस न्हवं?”

पाटीवर पेन्सिल वाजते. टक, टक.