फ्रिजची चप्पल

"घराचं वायरिंग बदलायला अंदाजे किती जातील हो?" हा प्रश्न मला लग्नात विचारला गेलाय, दवाखान्यात विचारला गेलाय, एकदा तर मयताला गेलो होतो तिथंसुद्धा! उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मात्र अजून भेटायचाय. आकडा कानावर पडला की लोक एकदम माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागतात.

सांगलीत मी आणि दस्तगीर मिळून हाच धंदा करतो. भिंती फोडायचं काम त्याचं, बोलणी खायचं माझं. शनिवारी चहाला बसलो की दर वेळी ठरवतो, आज गिऱ्हाइकांचा विषय काढायचा नाही. चहा येईपर्यंत एक तरी किस्सा निघालेला असतो. करणार काय, साठतातच इतके!

*

साताऱ्याचे एक गृहस्थ. फोनवर त्यांनी आधी खात्री करून घेतली, "बघायला यायचं पैसं न्हाईत न्हवं?"

"नाहीत."

"मग या की!"

गेलो. अख्खं घर फिरून, माळ्यावर चढून, जळमटं खाऊन एस्टिमेट दिलं. पुढं महिनाभर काही नाही. मग फोन आला. "तुमचा हिशोब लय बरोबर निघाला बघा! त्योच दाखवून दुसऱ्याकडनं कमीत करून घेतलं."

मी दात ओठ खात म्हणालो, "बरं झालं."

"व्हय, पण त्यानं नीट केलंय का न्हाई काय कळंना. तेवढं एकदा बघून जावा की. बघायचं पैसं न्हाईत न्हवं तुमचं?"

*

मेढ्याला एकानं हॉलमध्ये पीओपीचं नक्षीदार छत करून घेतलं होतं. त्यात निळे, गुलाबी, रिमोटवर रंग बदलणारे दिवे. बापाच्या काळातली वायर मात्र तशीच ठेवायची होती. दस्तगीरनं ती बोर्डातून जरा ओढली, तर वरचं आवरण पापडासारखं हातात आलं.

मी म्हणालो, "सगळ्यात आधी ही बदलायला हवी."

"आवं, वायर भितीत असती. ती कुणाला दिसतीया?"

"दिसत नाही, पण आग लागेल."

मालक क्षणभर विचारात पडले. मला वाटलं, पटलं! तर म्हणतात कसे, "ते खरं. पण पावनं आल्यावर त्यास्नी काय भित फोडून दावायची?"

*

आता अण्णा. सांगलीजवळच्या एका गावात हळदीचे व्यापारी. घर जैनांचं, सोवळंओवळं कडक. उंबऱ्याच्या आत चप्पल आणायची कुणाची प्राज्ञा नाही. आम्ही बाहेर पायताणं काढून, पाय धुऊन आत गेलो, आणि स्वयंपाकघरात बघतो तर फ्रिजसमोर रबरी चप्पल! नवी कोरी, नीट जोडीनं मांडलेली.

मी पाणी प्यायला फ्रिजकडं हात केला तशा अण्णांच्या बायको, म्हणजे आक्का, ओरडल्या, "आवं, चप्पल घाला आधी!"

फ्रिजला हात लावला की शॉक बसायचा. घराला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग म्हणजे गळालेला करंट माणसाच्या अंगातून न जाता परस्पर जमिनीत जावा म्हणून केलेली सोय. ती करायची सोडून अण्णांनी फ्रिजसाठी खास चप्पल आणली होती!

"तुमचा आकडा बघा आन चप्पलचा आकडा बघा," अण्णा मला शांतपणे समजावत होते. "व्यापारी हाय मी."

 आक्का चप्पल घालून, पदरानं दार धरून फ्रिज उघडत होत्या. मला अण्णांचा असा राग आला की चहा न पिताच उठलो.

*

आमच्याकडं पॉइंटवर रेट असतो. एक दिवा हा एक पॉइंट, एक पंखा हा एक पॉइंट. त्यामुळं खर्च कमी करायचा म्हणजे पॉइंट कापायचे. पाटणच्या एका मास्तरांनी हे काम फारच मनावर घेतलं. खडू घेऊन ते घरभर फिरले आणि मी भिंतीवर केलेल्या खुणांवर फुल्या मारत सुटले. स्वतःच्या खुर्चीजवळचा पॉइंट ठेवला, टीव्हीचा ठेवला, देवघरातला ठेवला. स्वयंपाकघरात फ्रिजपुरता एक ठेवला, बाकी सगळे उडवले.

त्यांच्या बायकोनं सगळं बघून घेतलं. मग आत जाऊन मिक्सर आणला आणि देवांसमोर पाटावर ठेवला.

"हे काय?" मास्तर.

"लसणाची चटणी हितंच वाटत जाईन म्हणते. वास आला तर देव काय बोलायचं न्हाईत, तुमी बोलू नगा म्हंजे झालं."

मास्तरांनी खडू माझ्या हातात दिला!

*

कुपवाडला एकाचा छोटा कारखाना आहे. तिथं अर्थिंग अगदी चोख, दर वर्षी तपासून घेतात. हौसेनं त्यांनी आम्हाला घरचं काम बघायला नेलं, तर घरी अर्थिंगचा पत्ताच नाही!

दस्तगीर म्हणाला, "मालक, कारखान्यात एवढं केलंसा, मग घरात का न्हाई?"

"लाखाची मशीन हाय ती, गड्या!"

"आन घरात बायकापोरं हायत की."

"आरं, माणूस सावध ऱ्हातो. मशीनला कुठं काय कळतंय?"



*

आणि एक दिवस अण्णांचा फोन. "कवा येताय कामाला?"

मी खुर्चीतच नीट बसलो. घासाघीस नाही, काही नाही! गेल्यावर कळलं. लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. जेवताना आक्कांनी अण्णांना एवढंच विचारलं होतं, "आपल्याला चप्पल हाय. रांगतं पोर फ्रिजला हात लावंल, त्याच्या हातात काय घालायचं?"

अण्णा जेवणावरून उठले ते थेट फोनकडंच म्हणे.

सगळं घर नव्यानं केलं. अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग केलं. काम संपल्यावर दस्तगीरनं अनवाणी उभं राहून फ्रिजवर तळहात टेकला. अण्णा म्हणाले, "तुला सवय हाय." मग मी टेकला. "तुमी बी त्यातलंच."

शेवटी आक्काच पुढं झाल्या. पायातली चप्पल काढली, डोळे मिटले, बोट लावलं. मग अख्खा हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. डोळे उघडले ते भरलेले. 

तेवढ्यात मागून अण्णा ओरडले, "आवं, शॉक न्हाई म्हंजे फ्रिज बंद पाडला का काय ह्यांनी?"

*

परवा त्या गावात दुसरं काम होतं, म्हणून दोघं अण्णांकडं डोकावलो. नातू आता रांगतो. आम्ही बसलो होतो तेव्हा तो सरळ फ्रिजपाशी गेला, दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि थपाथप मारायला लागला. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. दस्तगीरनं मला कोपरानं ढोसलं.

मग अण्णा आमच्यासाठी ताक काढायला उठले. फ्रिजसमोर आले. कोपऱ्यात हात घालून तीच रबरी चप्पल काढली, जमिनीवर नीट मांडली, पायात घातली, नातवाला जरा बाजूला सरकवलं आणि दार उघडलं.

मी कपाळाला हात लावला. "अण्णा, अहो एवढा खर्च केलात! आता चप्पल कशाला?"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू व्यवहार कशाशी खातात ते मला माहीतच नाही.

"मग काय टाकून दिऊ? अजून झिजलीया कुठं ती?"