चिमाकाकूंचे कान

गोदूआत्या कोणाच्याही घरी गेल्या की चपला काढत आणि लगेच घरातल्या सर्वांत लहान माणसाचे तोंड उजेडाकडे वळवत. पाणी, चहा, तब्येतीची चौकशी हे सगळे नंतर. मूल पाळण्यात असो नाहीतर अभ्यासाला बसलेले असो, त्याच्या हनुवटीखाली दोन बोटे घालून त्या ते खिडकीकडे फिरवत, आपला चष्मा कपाळावर चढवत आणि निकाल देत. "कपाळ केसोपंतांचं. हनुवटी आईकडची, ती जाईल पुढे. कान अजून ठरायचे आहेत." या निकालावर अपील नव्हते.

ईशान आणि सई, गोदूआत्या म्हणजे तुमच्या आजोबांच्या सख्ख्या आत्या. ईशानला त्या थोड्या आठवत असतील. सई, तुम्ही सगळे मेलबर्नला गेलात तेव्हा तू चपला चावण्याच्या वयाची होतीस, त्यामुळे तुला त्या माहीत असण्याचे कारण नाही. पण गेल्या रविवारी व्हिडिओवर तू मला विचारलेस, की शाळेत घराण्याचे झाड काढून न्यायचे आहे आणि त्यात आपण कोणासारखे दिसतो ते लिहायचे आहे. ईशानने त्याच्या वेळी 'आजोबांचे नाक' असे लिहिले होते. "आजी, माझा रकाना रिकामा ठेवू का? मला तर आईबाबांनी दत्तक घेतलंय ना." तू रडून विचारले नाहीस, गृहपाठातली अडचण म्हणून विचारलेस. पण त्यानंतर पेन्सिल चावत पडद्याबाहेर कुठेतरी बघत राहिलीस, ते मला दिसले. मी म्हटले, रिकामा ठेवू नकोस, उत्तर आहे, पण ते लांब आहे, लिहून पाठवते. ते हे. बाबांकडून वाचून घे. ईशान, तू मध्ये अर्थ सांगू नकोस, तू ठोकून देतोस.

ठोकून देणे हा गुण त्याने गोदूआत्यांकडूनच घेतला असावा. आपल्या घराण्याची सगळी माहिती त्यांच्याजवळ होती आणि ती दर सणाला थोडी बदलत असे. मूळपुरुष केसोपंत, म्हणजे आत्यांचे पणजोबा. ते साताऱ्याकडच्या एका गावातून पुण्याला आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर तांब्याचे घंगाळ होते, असे मी गणपतीत ऐकले. दिवाळीत त्याच घंगाळाचे पितळी पातेले झाले. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नदी एकाच ठिकाणी उगम पावते, असे मी मुलांना सांगत आले होते. त्यामुळे मला राहवेना.

"आत्या, मागच्या वेळी घंगाळ होतं."

"मग? घंगाळात पातेलं ठेवलं असेल. माणूस सामान एकात एक घालूनच नेतो. कॉन्व्हेंटमध्ये सामान कसं भरायचं ते शिकवत नाहीत वाटतं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. "कॉन्व्हेंट, वरण वाढ." "कॉन्व्हेंटला विचारा, तिला पुरावा लागतो." मी एकदा त्यांना सरळच म्हटले, की आत्या, पुराव्याशिवाय इतिहास होत नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणून मी इतिहास सांगतच नाही. मी आपल्या माणसांबद्दल बोलते."

त्यांच्या सगळ्या गोष्टींमध्ये एकच गोष्ट अशी होती, की जी कधी बदलली नाही. ती चिमाकाकूंची. चिमाकाकू केसोपंतांच्या धाकट्या भावाची बायको. गावातल्या विहिरी आटल्या तेव्हा पुण्याला जायचे की नाही, यावर घरचे पुरुष ओसरीवर बसून चर्चा करू लागले. एक म्हणे जाऊ, दुसरा म्हणे पाऊस पडेल. केसोपंतांनी मुहूर्त बघायला घेतला. चिमाकाकूंनी दोन-तीन दिवस त्यांना पाणी नेऊन दिले. मग एका सकाळी स्वतः बैल जुंपले, धान्य गाडीत टाकले, वर बसल्या आणि ओसरीकडे बघून म्हणाल्या, "तुमचं ठरलं की मागून या." संध्याकाळपर्यंत सगळे पुरुष मागून आले. "आपण पुणेकर झालो ते त्या बाईला कंटाळा आला म्हणून," असे आत्या सांगत आणि तिथे बसलेल्या पुरुषांकडे एकदा पाहून घेत. चिमाकाकूंना मूलबाळ झाले नाही. आजोबांचे चुलतभाऊ शरदभाऊजी यांनी घराण्याचा मोठा तक्ता केला आहे, त्यात चिमाकाकूंच्या नावाखाली रेघ थांबते. पुढे नुसता कोरा कागद.

आत्या कधी चुकत नसत का? चुकत. दणदणीत चुकत. एकदा कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात आपल्या नात्यातले लग्न होते. लग्न खालच्या हॉलमध्ये होते आणि आत्या वरच्या हॉलमध्ये शिरल्या. तिथे त्यांनी उपमा खाल्ला, कॉफी घेतली आणि शेजारच्या बाईच्या मांडीवरचे बाळ उचलून खिडकीशी नेले. मी शोधत वर गेले तेव्हा निकालाचे वाचन चालू होते. "हे बघा केसोपंतांचं कपाळ! आणि चेहऱ्यावर तीच तक्रार!"

बाळाचे आजोबा पागोटे सावरत उठले. "आजी, आमी धायरीचे. ह्यो आमचा नातू हाय."

दुसरे कोणी असते तर ओशाळले असते. आत्यांनी बाळ त्यांच्याकडे दिले आणि म्हणाल्या, "धायरीचे का? मग बरोबर. केसोपंतांची एक बहीण सिंहगडाकडे दिली होती."

"आमच्यात आसं कुनी आल्याचं ठावं नाय."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

या बहिणीचे नाव त्याआधी कोणी कधी ऐकले नव्हते. आडनावांचा मेळ कुठूनच बसत नव्हता. शरदभाऊजींनी तर कपाळाला हात लावला. पण ते धायरीचे आजोबा मनमोकळे गृहस्थ होते. ते हसले, त्यांनी आत्यांना जेवायला बसवले आणि पुढे दर वर्षी वारज्याला, आत्या लेकीकडे राहत तिथे, ताज्या ज्वारीची पिशवी पोचती करू लागले. आत्या ती उघडून मला दाखवत. "बघ, कॉन्व्हेंट. तुझा पुरावा."

आता तुझी गोष्ट, सई.

तू घरी यायची ठरलीस तेव्हा आम्ही सगळे आनंदात होतो आणि एका गोष्टीला घाबरलो होतो. आत्यांना सांगायचे कसे, हा प्रश्न नव्हता, ते मी सांगणार होते. भीती बारशाची होती. त्या येणार, चपला काढणार आणि सगळ्या नातेवाइकांसमोर तुझे तोंड उजेडाकडे वळवणार. मग काय बोलणार? तुझे आजोबा एवढे शांत, पण तेही त्या आठवड्यात दोनदा म्हणाले, "आत्या काही मनात ठेवणारी नाही गं." त्यातच शरदभाऊजींचा फोन आला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते सगळेच नीटनेटके करतात. "वहिनी, तक्त्यात कसं दाखवू? ठिपक्यांची रेघ चालेल?" तुझी आई शेजारी बसली होती. ती उठून गॅलरीत गेली.

मी वारज्याला गेले. आत्या मटार सोलत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी हातातली शेंग पूर्ण केली आणि विचारले, "बारसं कधी?"

"आत्या, तुम्हाला आणखी काही विचारायचं नाही?"

"हे विचारलं ना. बारसं कधी? निखिलला बहीण नाही, तर नाव ठेवायला आत्या म्हणून कोण बसणार? मीच. रिक्षाने यायची नाही मी. गाडी पाठव."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, हे तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या बाबांना बहीण नाही, म्हणून तो मान वर चढत चढत थेट गोदूआत्यांपर्यंत गेला.

बारशाला आपल्या कोथरूडच्या घरी बसायला जागा उरली नव्हती. आत्या आल्या, चपला काढल्या आणि सरळ पाळण्याकडे गेल्या. बोलणी हळूहळू थांबली. तुझ्या आईने पाळण्याची दोरी इतकी ओढून धरली होती की पाळणा तिरका झाला होता. आत्यांनी तुला उचलले, खिडकीशी नेले, हनुवटीखाली दोन बोटे घातली आणि चष्मा कपाळावर चढवला. तू तो ओढलास. त्यांनी तो परत चढवला.

"कपाळ केसोपंतांचं नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं. ते मुलींना शोभत नाही."

कोणीतरी खाकरले.

"नाक आपल्यातल्या कुणाचंच नाही." मग तुझे टोपडे मागे सारून त्यांनी तुझा कान दोन बोटांत धरला, पुढे वाकवला, सोडला. दुसरा पाहिला. पुन्हा पहिला पाहिला. तुझ्या आईकडे मला बघवेना, म्हणून मी पाळण्याला लावलेल्या झेंडूच्या माळेकडे बघत राहिले.

"हं. कान चिमाकाकूंचे."

शरदभाऊजींना गप्प बसवेना. चुकीची नोंद त्यांना सहन होत नाही, ते मी समजू शकते. "अहो आत्या, काहीतरीच काय! चिमाकाकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यावर कोण कसं जाईल?"

"म्हणूनच तर इतकी वर्षं कुणी गेलं नव्हतं," आत्या म्हणाल्या. "आता गेली."

"पण चिमाकाकूंना पाहिलंय कुणी? त्यांचा फोटोसुद्धा नाही. तुमच्या जन्माआधीच गेल्या त्या."

"मग त्यांचे कान असे नव्हते, हे तू कशावरून म्हणतोस? आणि चिमाकाकू तरी कुठे या घरात जन्मल्या होत्या? बाहेरून आल्या आणि सगळ्यांना गाडीमागून घेऊन आल्या. ही बघ, मघापासून पाय झाडतेय. आपलं ठरेपर्यंत थांबायची नाही ही." तुला माझ्या हातात देता देता त्या पुन्हा त्यांच्याकडे वळल्या. "आणि शरद, ते ठिपके बायकांच्या रांगोळीसाठी असू देत. तू रेघ सरळ ओढ."

तुझ्या आईने दोरी सोडली. पाळणा रिकामाच झुलायला लागला, तेव्हा सगळे हसले, आणि ती हसता हसता रडायला लागली. मग आत्यांनी तुझ्या कानात कुर्र केले आणि 'सई' म्हणाल्या. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत आहे. ऐंशी वर्षांच्या बाईच्या पाठीत कोण घालणार? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मी घातला. चांगला आवाज आला.

"हेच शिकवलं वाटतं कॉन्व्हेंटमध्ये," आत्या म्हणाल्या.

शेवटी शेवटी त्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली. आधी आमची नावे गेली, मग नाती. केसोपंत मात्र घंगाळासकट शाबूत होते. एका दुपारी मी वारज्याला गेले तर त्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तू कुणाची गं?"

सबंध खानदानाला जागच्या जागी बसवणाऱ्या बाईच्या तोंडून हा प्रश्न आला होता. मी शाळेत सांगावे तसे सांगू लागले, की मी निखिलची आई, तुमच्या माधवची बायको. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. मग त्यांनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटे घातली आणि माझे पिकल्या केसांचे डोके उजेडाकडे वळवले. चष्मा चढवायचा हात कपाळाशी गेला, पण चष्मा नव्हताच. बराच वेळ त्या बघत होत्या.

"कान आमच्याकडचे आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेर का उभी? आत ये."

माझे माहेर नागपूरचे. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. जन्मात पहिल्यांदाच.

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेराव्याला शरदभाऊजी दाराशी उभे राहून आल्यागेल्याची विचारपूस करत होते. एक पागोटेवाले गृहस्थ आले आणि सरळ आत येऊन आपल्या माणसांत बसले. शरदभाऊजींनी विचारले, "आपण?"

"आमी धायरीचे," ते म्हणाले. "केसोपंतांच्या भैनीकडचे."

शरदभाऊजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि मग त्यांच्यासाठी पाट मांडला.

तर सई, तो रकाना भर. चिमाकाकू, कान. बाबांच्या नावाखालची तुझी रेघ सरळ ओढ, पट्टी घेऊन, नाहीतर तू वाकडी ओढतेस. तुझ्या बाईंनी पुरावा मागितला तर त्यांना सांग, की आमच्या घरात पुरावा मागणारी एकच बाई होती, आणि आता तिचेही कान याच घरचे निघाले आहेत.