यादीत नसलेली टेकडी

सिल्बर्ट ग्रीनअवेला बेट दाखवायला शिकवायची गरज नव्हती. शेजारच्या अँटिग्वा बेटावरून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या पाहुण्यांना तो चार तासांत कॅरिबियन समुद्रातलं जवळजवळ अख्खं मॉन्टसेराट फिरवून आणायचा. त्यातच जेवण, त्यातच दोन ठरलेले विनोद, आणि पाहुण्यांनी विचारलंच तर डोंगराचा, म्हणजे तिथल्या ज्वालामुखीचा, स्वभाव. पस्तीस वर्षं टॅक्सी चालवून हे काम इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुठल्या वळणावर कोण ‘बापरे’ म्हणणार हेही त्याला आधीच कळायचं. आणि हाच माणूस स्वतःच्या मुलीच्या तीन दिवसांच्या सहलीचा बेत आखायला बसला, तर सहा आठवडे उलटले तरी त्याचा कागद पुरा होईना.

मुलगी जेनेल. डोंगर फुटला त्या साली ती बारा वर्षांची होती. आई गेली आणि दोन महिन्यांत मावशीनं तिला इंग्लंडात लेस्टरला नेलं. तेव्हापासून सत्तावीस वर्षांत ती बेटावर एकदाही आली नव्हती. सिल्बर्ट एकदा तिच्याकडे जाऊन आला, हिवाळ्यात, आणि तीन आठवडे मोजे काढले नाहीत. बाकी सगळं दर रविवारी फोनवर. आता तिचा मुलगा एझ्रा अकरा वर्षांचा, मुलगी इमानी आठची, आणि जेनेलनं अचानक फोनवर सांगितलं, “डॅडी, आम्ही येतोय. तिघंच. पण तीनच दिवस आहेत हं, बेत तुम्ही आखा. मुलांना सगळं दाखवायचंय.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं. एझ्रा विचारतोय, लाव्हा दिसेल का?”

“त्याला म्हणावं, लाव्हा नाही, धूर दिसेल. लाव्हा बघायचा असेल तर माझी व्हॅन चढणीवर तापते तेव्हा बॉनेट उघडून दाखवतो.”

पलीकडून पोरगं खदखदून हसलं. सिल्बर्ट दिवसभर त्या हसण्यावर खूश होता.

त्यानं कागद घेतला आणि लिहायला बसला. शुक्रवार: विमानतळ, घर, जेवण, संध्याकाळी काळ्या वाळूचा किनारा. शनिवार: डोंगरावर नजर ठेवणाऱ्यांची कचेरी, मग प्लिमथ. प्लिमथ म्हणजे राजधानी, जिथं त्याचं लग्न लागलं, जेनेलचा जन्म झाला, आणि जिथं आता राखेतून घरांचे दुसरे मजले तेवढे वर दिसतात. तिथं जायला परवाना लागतो. स्वतःच्या लग्नाच्या चर्चपाशी जायला माणसानं अर्ज करायचा, हे या बेटावरच घडू शकतं. त्यानं अर्ज केला, परवाना मिळाला. रविवार: प्रार्थना, होडीनं पांढऱ्या वाळूवर, दुपारी तीनचं विमान. मुलांना भूक कधी लागेल, ऊन कधी चढेल, कुठं सावली मिळेल, हे सगळं त्यानं मिनिटांच्या हिशेबानं मांडलं. तरी रोज तो कागद उलगडायचा, पाहायचा आणि पुन्हा घडी घालायचा.

मिस ओडेलचं दुकान सेंट जॉन्स गावच्या चढावर होतं. तिथं आल्याची बिअर मिळायची आणि तिच्यासोबत ओडेलची जीभ फुकट. एका संध्याकाळी तिनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि चष्मा लावला.

“वा! राणी येत असती तरी कोणी एवढं केलं नसतं. अरे, पोरांना मुतायला कधी वेळ दिलास?”

“दिलाय. दुसऱ्या ओळीत बघ.”

ओडेल हसली, खालपर्यंत वाचत गेली आणि मग तिचं हसू आटलं. “यात जॅक बॉय टेकडी कुठंय?”

“रस्ता खराब आहे तिकडचा.”

“नवीन डांबर पडलं त्याला वर्ष नाही झालं. कोणाला सांगतोस?” ती काउंटरवरून पुढं वाकली. “सिल्बर्ट, पोरीला अजून सांगितलं नाहीस ना तू?”

त्यानं कागद तिच्या हातातून परत घेतला. जॅक बॉय टेकडीवरून बेटाची पूर्वेकडची उतरण दिसते, जिथून सत्तावीस वर्षांपूर्वी डोंगर खाली आला. बाहेरचे बरेच जण तिथंही जातात. सिल्बर्टला तिकडचं गिऱ्हाईक मिळालं, की तो ते दुसऱ्या टॅक्सीवाल्याला देऊन टाकायचा. लोकांना वाटायचं, बायको गेली त्या बाजूला, बिचाऱ्याला बघवत नसेल. ते खरंच होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं ओडेलला ठाऊक होतं, कारण तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये तिची खाट ग्रीनअवेंच्या खाटेला लागून होती. दक्षिणेकडची गावं रिकामी करून सरकारनं माणसं उत्तरेला आणून कोंबली होती. पण शेतं तिकडंच राहिली. गाजरं तयार झालेली, बटाटे तयार झालेले, गुरं दाव्याला. मग माणसं सकाळी चोरून वर जायची, दुपारी परत यायची. जाण्याआधी सगळे एकच गोष्ट बघायचे, ती म्हणजे वारा. वारा पश्चिमेकडे वाहत असला की राख समुद्रावर जाते, पूर्वेची गावं स्वच्छ राहतात. दोन वर्षं डोंगरानं राखच टाकली होती, त्यामुळे राखेपलीकडे डोंगर काही करू शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. ज्यांनी हयात डोंगराच्या पायथ्याशी काढली, तीच माणसं डोंगराचा अंदाज वाऱ्यावरून बांधत होती. शास्त्रज्ञ ओरडून सांगत होते, पण ते बाहेरचे.

त्या सकाळी इओना, सिल्बर्टची बायको, म्हणाली होती, “आज माझं मन नाही. डोंगर रात्रभर गुरगुरतोय.”

सिल्बर्टनं हॉलच्या दारातून बोट ओलं करून वर धरलं होतं. “वारा बघ, पश्चिमेला आहे. गाजरं जमिनीत सडवायचीत का? चल, मी सोडतो. दोन वाजता न्यायला येतो.”

तिनं डोक्याला रुमाल बांधला, झोपलेल्या जेनेलच्या केसांवरून हात फिरवला आणि व्हॅनमध्ये बसली. त्यानं तिला रायलीज गावातल्या त्यांच्या शेताच्या फाटकाशी सोडलं. दुपारी एकच्या सुमाराला डोंगराची एक बाजू सुटली. ती राख नव्हती, ते तापलेले दगड आणि वाफ होती, आणि त्यांना वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

चर्चमध्ये बंद शवपेटीपुढं बारा वर्षांच्या जेनेलनं विचारलं, “मम्मी तिकडं कशाला गेली?” आणि सिल्बर्टच्या तोंडून निघून गेलं, “मी नको म्हणत होतो गं. तिनं ऐकलं नाही. चालत गेली.” एवढंच. पुढं ते परत घ्यायला त्याला धीर झाला नाही, आणि मग पोरगी समुद्रापार गेली.

“मी आजवर तोंड उघडलं नाही,” ओडेल म्हणाली, “आणि उघडणारही नाही. पण इओना माझी मैत्रीण होती. तिच्या नावावर तू काय खपवलंस हे मला आजही खुपतं, सिल्बर्ट. तीन दिवस आहेत तुझ्याकडे. पुढच्या वेळची वाट बघू नकोस, आपलं वय काय झालंय बघ.”

तो कागद घेऊन घरी आला. रविवारच्या ओळीत थोडी जागा होती. पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ बसला आणि शेवटी तिथं लिहिलं: ‘मुलांसाठी नारळ.’

शुक्रवारी विमान उतरलं. जेनेल बाहेर आली तेव्हा त्याला क्षणभर इओनाच आल्यासारखं वाटलं, तोच खांदा, तीच चाल. तो रडणार नव्हता, पण रडला. घरी ओडेलनं आणून ठेवलेलं गोट वॉटर होतं, लवंगा घालून चुलीवर केलेला बोकडाचा पातळ रस्सा, आणि सोबत पाव. एझ्रानं तीन वाट्या रिचवल्या. इमानीनं एक घोट घेऊन ओठ मिटले ते मिटलेच.

“एक घास तरी, इमानी.”

“नाही.”

“आजीवर गेलीये अगदी,” जेनेल बापाकडे बघून म्हणाली. “आमच्याकडे कोणी हट्ट केला की आम्ही असंच म्हणतो.”

“मम्मीची मम्मी हट्टानं मेली,” इमानीनं आजोबाला माहिती पुरवली. “तिनं कुणाचं ऐकलं नाही म्हणून.”

सिल्बर्टच्या हातातला पाव हातातच राहिला. लेस्टरमधल्या घरात, त्यानं कधी न पाहिलेल्या जेवणाच्या टेबलावर, इतकी वर्षं इओना अशी बसली होती, हट्टी बाई म्हणून, पोरांना धाक घालायला. आणि तिला तिथं त्यानंच बसवलं होतं.

शनिवारी सगळं कागदाप्रमाणं झालं. प्लिमथमध्ये राखेत गाडलेल्या टेलिफोनच्या बूथपाशी मुलांनी फोटो काढले. जेनेल चर्चकडे नुसती बघत राहिली. सिल्बर्ट दोनदा तिच्याजवळ गेला आणि दोनदा त्यानं पाण्याची बाटलीच पुढं केली.

रविवारी प्रार्थना आटोपली तेव्हा जेनेल व्हॅनमध्ये बसता बसता म्हणाली, “डॅडी, होडी राहू द्या. जॅक बॉयला जाऊया.”

“तिकडे काही नाही बघायला. रस्ताही...”

“मी चौकशी केलीये. रस्ता चांगला आहे.” तिचा आवाज शांत होता. “तुम्हाला त्रास होतो, ठाऊक आहे मला. तुम्ही गाडीत बसा. पण मला तिच्याशी भांडायचंय एकदा. सत्तावीस वर्षं राहिलंय ते.”

“कोणाशी?”

“मम्मीशी. विचारायचंय तिला, मी मोठी होते का गाजरं मोठी होती.”

सिल्बर्टनं गाडी सुरू केली. टेकडीवर वारा होता, खाली करडी उतरण समुद्रापर्यंत गेलेली, तिच्यावर आता जागोजागी हिरवळ धरलेली. मुलं कठड्याकडे पळाली. जेनेल उतरणार तोच त्यानं तिचं मनगट धरलं.

“तिच्याशी भांडू नकोस.”

“डॅडी, सोडा.”

“ती चालत गेली नव्हती. मी नेलं तिला. याच रस्त्यानं, व्हॅनमधून.” पुढचं सगळं त्यानं समोरच्या काचेकडे बघत सांगितलं: गुरगुरणारा डोंगर, ओलं बोट, वारा, गाजरं, दोन वाजता येतो म्हणालेला तो. “ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. हट्ट माझा होता, जेनेल. चर्चमध्ये तू विचारलंस आणि मी... मला भीती वाटली, तूही जाशील.”

“मी गेलेच की,” जेनेल म्हणाली.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सिल्बर्टला वाटलं. ती बोलली तेव्हा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा होता. “लग्नात मी तिचा फोटो ठेवला नाही, ठाऊक आहे? मावशी सांगत होती, ठेव. मी म्हटलं, ज्या बाईला माझ्यापेक्षा शेत प्यारं होतं तिचा फोटो कशाला. आता मी कुणाची माफी मागू? तुम्ही तर जिवंत आहात, तुमच्यावर चिडता येईल मला. तिचं काय करू?”

याचं उत्तर द्यायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याला कळत होतं.

ती दार उघडून उतरली. कठड्याशी जाऊन तिनं दोन्ही मुलांना जवळ घेतलं. वारा व्हॅनच्या दिशेनं येत होता, त्यामुळे सिल्बर्टला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“एझ्रा, इमानी, ऐका. मी तुम्हाला आजीबद्दल चुकीचं सांगत आले. आजी हट्टी नव्हती. तिला जायचं नव्हतं. तिनं आजोबांचं ऐकलं होतं.”

इमानीनं विचारलं, “म्हणजे आजोबांचं चुकलं?”

सिल्बर्ट गाडीतून उतरला. तो कठड्यापर्यंत गेला आणि त्यांच्यापासून दोन हात दूर थांबला.

“हो, बाळा,” तो म्हणाला. “माझं चुकलं.”

जेनेलनं त्याच्याकडे पाहिलं नाही. विमानाला अजून चार तास होते. एझ्रानं हळूच विचारलं, आजीचं शेत कुठं होतं. सिल्बर्टनं खालच्या करड्या उतरणीकडे हात केला आणि त्याला सांगायला लागला, फाटक कुठं होतं, गाजरांचे वाफे कुठं होते, आणि आपण तिला नेमकं कुठं उतरवलं होतं.