भेटी बंद होत्या तो रविवार

मी तुरुंगात नोकरी करते हे माझ्या आईने पुण्यात बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. "सरकारी खात्यात आहे," एवढंच म्हणायची, आणि कुणी जास्त खोदून विचारलं की चहा टाकायला उठायची. मेलबर्नला मी शिकायला आले होते. युनिव्हर्सिटी संपल्यावर काही वर्षं म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचं काम केलं, लग्न झालं, क्रेगीबर्नला घर घेतलं, नागरिकत्व मिळालं. मग तुरुंग अधिकारी हवेत अशी जाहिरात पाहिली आणि अर्ज करून टाकला. नवऱ्याला वाटलं मी थट्टा करतेय. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. ती फक्त म्हणाली, "मम्मा, डू यू गेट अ गन?" बंदूक नाही, चाव्या मिळतात, असं मी तिला सांगितलं. तिचा विरस झाला.

त्या चाव्या कशा बाळगायच्या हे मला बाईंनी शिकवलं. बाई म्हणजे आमच्या युनिटमधल्या सर्वांत जुन्या अधिकारी, गोऱ्या, उंच, पन्नाशी उलटलेल्या. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारायचे, इथे सगळेच तसं करतात, पण मनातल्या मनात त्या माझ्या बाईच होत्या, शाळेतल्या असतात तशा. कोठडीच्या दारासमोर जाताना चाव्या मुद्दाम वाजवायच्या, म्हणजे आतल्या माणसाला कळतं कोणीतरी येतंय आणि तो दचकत नाही. भांडण चालू असेल तिथे मात्र त्या मुठीत घट्ट धरायच्या. "आवाजाने माणसं शांतही होतात आणि चिडतातही, मेट. कधी काय होईल ते कळायला वेळ लागतो," असं त्या म्हणाल्या होत्या.

बाई युनियनच्या प्रतिनिधी होत्या. कुणाची रजा अडली, कुणाला दोन शिफ्टमध्ये पुरेशी विश्रांती मिळाली नाही, की लोक त्यांच्याकडे जायचे. आणि ज्यांच्याशी त्यांना भांडावं लागायचं ते आमचे ऑपरेशन्स मॅनेजर, ज्यांना मी मनात साहेब म्हणायचे, हे त्यांचे सर्वांत जुने मित्र होते. दोघं एकाच तुकडीत भरती झाले होते. एकाच मजल्यावर उभं राहून दोघांनी तरुणपण काढलं होतं. साहेब वरच्या हुद्द्यावर गेले तेव्हा बाईंनीच त्यांना बढतीसाठी अर्ज करायला लावला होता, म्हणे. मॅनेजमेंटमध्ये एक तरी माणूस असा हवा की ज्याने कोठडीचं दार स्वतः उघडलंय, असं त्यांचं म्हणणं. मी लागले तेव्हाही दोघं जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर एकत्र बसायचे. मीटिंगमध्ये एकमेकांवर आवाज चढवायचे आणि मग तिथे जाऊन सँडविच वाटून खायचे. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. आपल्याकडे भांडण झालं की आधी जेवण बंद होतं.

मग माणसं कमी पडायला लागली. बरेच जण नोकरी सोडून गेले, नवीन येईनात. आमच्या युनिटमध्ये दुपारच्या शिफ्टला तीन अधिकारी असायचे, तिथे दोनच दिसायला लागले. दोघांनी साठेक माणसांवर लक्ष ठेवायचं. त्यातला एक फोनवर किंवा औषधं वाटायला गेला, की मजल्यावर उरायचा एक. बाईंनी तक्रार केली, पुन्हा केली. साहेब म्हणायचे, "माणसं आहेतच कुठे? मी काय छापून आणू?" तेही खोटं नव्हतं.

शेवटी जे व्हायचं ते झालं. शेजारच्या युनिटमध्ये एक तरुण अधिकारी मजल्यावर एकटा असताना त्याच्यावर हल्ला झाला. त्याचा जबडा मोडला. दुसरा धावत पोचेपर्यंत तो जमिनीवर पडला होता. त्याची बायको गरोदर होती, आणि त्याच आठवड्यात त्याने आम्हाला सोनोग्राफीचा फोटो दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कार पार्कमध्ये जमलो. कडाक्याची थंडी होती, बाईंच्या तोंडातून शब्दांबरोबर वाफ निघत होती. भाषण असं काही केलंच नाही त्यांनी. मजल्यावर तिसरा माणूस दिल्याशिवाय आपण कोठड्या उघडायच्या नाहीत, जेवण आणि औषधं आतच द्यायची, बाकी सगळं बंद, एवढा ठराव त्यांनी मांडला. मीही हात वर केला. माझ्या मुलीला आई संध्याकाळी धडधाकट घरी यायला हवी होती. आज पुन्हा ती वेळ आली तरी मी हात वरच करीन, हे आधीच सांगून ठेवते.

मॅनेजमेंटने हे बेकायदा आहे म्हणून कळवलं. युनियनच्या वकिलाने नाही म्हणून कळवलं. त्या दिवसापासून बाई आणि साहेब एकमेकांशी थेट बोलायचे बंद झाले. जे काही असेल ते लेखी, आणि तेही वरच्या माणसांमार्फत. बाहेरचा बाक रिकामा राहायला लागला.

रविवारी मला भेटींच्या केंद्रावर ड्युटी लागली. म्हणजे कैद्यांना भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची जिथे तपासणी होते, तिथे. भेटी रद्द झाल्याचे मेसेज आदल्या दिवशी गेले होते, पण सगळ्यांना पोचले नव्हते. माझं काम होतं जे येतील त्यांना परत पाठवायचं. काही जण शिव्या देऊन गेले. एका बाईने तान्ह्या बाळाला माझ्यासमोर धरून म्हटलं, "तूच सांग याला." मी सॉरी म्हणत राहिले.

मग एक पंजाबी म्हातारी आली. तिला आणणारा भाचा गाडी लावायला गेला होता. ती याआधी चार-पाचदा येऊन गेली असावी, कारण तिला सगळं पाठ होतं. कुणी काही सांगायच्या आत तिने पिशवी लॉकरमध्ये ठेवली, स्वेटर काढला, चपला काढून ट्रेमध्ये ठेवल्या आणि मोज्यांनिशी त्या गार फरशीवर उभी राहिली. माझ्याकडे बघून हसली. "आज तो अपनी बेटी है ड्यूटी पे," ती म्हणाली.

तिचा मुलगा आमच्याच युनिटमध्ये होता. विद्यार्थी म्हणून आलेला, ट्रक चालवायचा. झोप अनावर झाली असताना चालवत राहिला आणि एका माणसाचा जीव गेला. शांत मुलगा. माझ्याशी हिंदीत बोलायचा, मला दीदी म्हणायचा. ते नियमात बसत नव्हतं, पण मी कधी टोकलं नाही. आई व्हिजिटर व्हिसावर आलीय आणि सोमवारी परत चाललीय, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

मी तिला बाजूला घेऊन खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. "उसने कुछ किया?" तिने घाबरून विचारलं.

"नहीं माताजी, उसने कुछ नहीं किया. हमारा और ऑफिसवालों का झगड़ा है."

"तो मेरा क्या कसूर?" हे ती रागाने म्हणाली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी सहकाऱ्याला तिच्याजवळ थांबायला सांगितलं आणि आत बाईंकडे गेले. त्या स्टाफरूममध्ये होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "एकच भेट. बाकी काही उघडायचं नाही. त्याला मी स्वतः घेऊन येते."

बाईंनी चष्मा काढला. "एकीला हो म्हटलं तर त्या तान्ह्या बाळाच्या आईला काय सांगणार तू? आणि उद्या ते म्हणतील, बघा, दोन माणसांत सगळं चालतं."

"ती उद्या चाललीय. पुन्हा कधी येईल कोण जाणे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "भेटीच्या खोलीत तिसरा माणूस असेल तर मी आड येणार नाही. वर ऑफिसात बसलाय त्याला सांग, खाली ये आणि स्वतः उभा राहा. पूर्वी राहायचाच की. पण त्याने येऊन मला विचारायला हवं. मी वर जाणार नाही."

मी जवळजवळ धावतच जिना चढले. साहेब रविवार असूनही ऑफिसात होते, दाढी वाढलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा तर अर्धवट उठलेही, हात खुर्चीवरच्या कोटाकडे गेला. मला वाटलं, झालं काम.

मग ते पुन्हा बसले. "तिने पाठवलं तुला?"

"मीच गेले होते त्यांच्याकडे."

"मी उभा राहायला तयार आहे. पण बंदी तिने घातलीय. तिने मला एक फोन करावा. एवढंच. मी खाली जाऊन परवानगी मागितली, तर उद्यापासून हा तुरुंग तीच चालवते असं लोक म्हणतील."

मी पुन्हा खाली गेले. बाईंच्या समोर फोन होता. मी म्हटलं, "फक्त एक फोन. ते तयार आहेत." बाईंनी फोनकडे पाहिलं. "मी त्याला फोन केला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या पोराचा जबडा मोडला त्या रात्री. त्याने उचलला नाही. वकिलाने नको सांगितलं होतं म्हणे." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटतं त्या रडत होत्या, पण नक्की सांगता येणार नाही.

पुन्हा वर जाऊन हे सांगावं असं माझ्या मनात आलं. गेलेही. पण साहेब तोवर फोनवर होते, वरिष्ठांशी, आणि त्यांनी मला हातानेच थांबायची खूण केली. मी दारात थांबले. त्यांचा फोन संपला तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती, आणि कोठडीतून माणूस आणायला जेवढा वेळ लागतो तेवढाही उरला नव्हता. त्या रात्रीच्या फोनचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला वाटलं, त्यानंतर वकिलामार्फतच बोलायचंय तिला," ते म्हणाले.

दोन माणसं, मध्ये एक जिना. दोघंही भेट व्हावी म्हणत होते.

माताजी तिथेच बसली होती. भाचा माझ्यावर ओरडला, तिने त्याला गप्प केलं. तिने आपल्या चपला स्वतःच घातल्या, मला वाकू दिलं नाही. जाताना माझा हात धरून म्हणाली, "उसको बोलना, मैं आई थी. यहाँ तक आई थी. और बोलना गुस्सा नहीं करना, किसी पे नहीं."

ते मी त्याला कोठडीच्या दाराच्या खिडकीतून सांगितलं. तो आंघोळ करून, केस विंचरून, दाराशी तयार उभा होता. त्याने विचारलं, "रोई?" मी म्हटलं, "नहीं." ते खरं होतं. त्याने मान हलवली आणि पलंगावर जाऊन बसला. त्यानंतर तो माझ्याशी कधी हिंदीत बोलला नाही. "यस मिस," "नो मिस," एवढंच. रागावलेला वाटायचा नाही. आईने सांगितलेलं त्याने पाळलं असावं. पण दीदी म्हणणंही बंद झालं, आणि मला ते किती हवंसं होतं हे तेव्हा कळलं.

तडजोड बुधवारी झाली. तिसरा माणूस परत मिळाला. पार्किंगमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंना मिठ्या मारल्या. जबडा मोडलेला पोरगा काही महिन्यांनी कामावर आला, मुलीचे फोटो घेऊन. त्या तिसऱ्या माणसामुळे पुढे निदान एकदा तरी माझा स्वतःचा जीव वाचलाय. तेव्हा आम्ही चुकलो असं मला म्हणता येत नाही, आणि म्हणायचंही नाही. तरी तो रविवार मनातून जात नाही.

बाई आणि साहेब पुन्हा एकत्र जेवले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला साहेब आले, चांगले शब्द बोलले, आणि दोघांनी हात मिळवले, नोकरीच्या मुलाखतीत मिळवतात तसे. मी बाईंना गाडीपर्यंत सोडायला गेले. "त्या दिवशी मी जिना चढायला हवा होता का गं?" असं त्यांनी मला विचारलं. कशाबद्दल विचारताहेत हे न सांगताही मला कळलं. मी म्हटलं, "त्यांनी उतरायला हवा होता." त्या म्हणाल्या, "तेच तो माझ्याबद्दल म्हणत असेल." आणि गाडी चालू केली.

माताजीच्या मुलाची शिक्षा संपली तेव्हा त्याचा व्हिसा आधीच रद्द झालेला होता. त्याला भारतात परत पाठवलं. म्हणजे आई-मुलाची भेट नंतर झाली असणार, तिच्याच घरी, कुणाच्या परवानगीशिवाय. नवरा मला हेच सांगतो. मी हो म्हणते.

बाईंच्या जागी लोकांनी मला प्रतिनिधी केलं. पहिल्याच सभेत मी एक मुद्दा मांडला: पुढे कधी असं आंदोलन झालं, तर परदेशातून आलेल्या आईबापांची भेट त्यातून वगळायची, आणि ते दोन्ही बाजूंनी आधीच मान्य करून ठेवायचं. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "मग आपल्या हातात राहिलं काय? भेटी बंद झाल्या म्हणूनच तर ते नमले." त्याचं बोलणं चूक नव्हतं. मॅनेजमेंटकडे विचारलं, तर ते म्हणाले, बंदीच्या अटी आधीच मान्य करणं म्हणजे बंदीच मान्य करण्यासारखं आहे. विषय पुढच्या सभेवर गेला, मग त्याच्या पुढच्या. मी तो दर वेळी पुन्हा मांडते, आणि लोक थोडे कंटाळलेत आता.