ओव्हरकाका आणि मोकळी लाइन

बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणत आणि गप्प बसत. मग समोरच्याने कितीही पाल्हाळ लावो, मध्ये तोंड घालायचे नाहीत. कारंजाच्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा तागडी सोडून जहाजावर रेडिओ ऑफिसर झाला आणि निवृत्तीनंतर आमच्या भाजीच्या मळ्याशेजारी राहायला आला. आम्ही त्यांना ओव्हरकाकाच म्हणायचो. ते आता नाहीत, म्हणून सांगते, मला त्यांचा रागच यायचा. पायाला विळा लागला म्हणून मी मळ्यातून बोंब ठोकली, तर हे कुंपणापलीकडून म्हणतात, "आधी कुठं हायेस ते सांग, मंग रड. जागा समजली तं माणूस वाचते."

समुद्रावर संकटाची हाक आली की बाकीच्यांनी रेडिओवर बोलणं थांबवायचं, असा नियम ते सांगत. "ज्याचं जहाज बुडून राह्यलं त्यालेच बोलू द्या." आम्ही हसायचो. कारंजात समुद्र कुठला!

माझा भाऊ सुनील जहाजावर लागला तो काकांच्याच नादाने. एका दुपारी त्याच्या सोबत्याच्या बायकोचा फोन आला, जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली आहे. झालं, घर माणसांनी भरलं. सुनीलने अडीअडचणीला म्हणून जहाजाच्या सॅटेलाइट फोनचा नंबर देऊन ठेवला होता. मामा, आत्या, चुलते, जो तो मायेपोटी तोच नंबर फिरवू लागला. मीसुद्धा.

काका आले आणि कधी नव्हे ते ओरडले, "ठेवा सारे फोन! बचाववाले त्याच नंबरवर विचारतीन, तुमी कुठं हा म्हणून. काहून लाइन अडवून राह्यले?"

"मले त्याचा आवाज तं आयकू द्या," आई म्हणाली.

"वहिनी, आज त्याचा आवाज आपल्यासाठी नाही."

इतकं कठोर बोलणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आई त्यांच्याकडे वैऱ्याकडे पाहावं तशी पाहत राहिली. एकेकाने फोन खाली ठेवला. चहा निवून गेला. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

संध्याकाळी सुनीलचाच फोन आला. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं होतं. एकच कल्ला झाला, आई साखरेचा डबा घेऊन धावली.

काकांनी फोन मागून घेतला. "सारे आले का रे?"

ते बराच वेळ ऐकत राहिले.

"एक जण सापडला नाही अजून," फोन ठेवून ते म्हणाले. "त्याच्याबी घरी असेच बसले असतीन."

आईने डब्याचं झाकण लावलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.