पॅचवरचं नाव

आमचे हे, गोपाळकृष्ण बोकील, घाबरट आहेत. माधव नगरातल्या घरून टावर चौकापर्यंत जायचं असलं तरी गॅस बंद आहे का ते दोनदा बघतील आणि रिक्षात बसल्यावर मला पुन्हा विचारतील. चोवीस वर्षं मी हे सहन करते आहे.

कामही तसंच. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर हे आणि तीन वर्षांपूर्वी यांच्या जोडीला कामाला आलेली निहारिका आमच्या पुढच्या खोलीत बसून दुरुस्त करतात. कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद गिट नावाचा प्रोग्राम ठेवतो. त्यातून बदललेल्या ओळी काढून त्यांची फाइल, म्हणजे पॅच, बनवायची आणि कंपनीला मेल करायची. हाताने करताना चूक होईल म्हणून यांनी सहा वर्षांपूर्वी, एकटेच होते तेव्हा, चाळीस ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. ती चालवली की पॅच तयार. तरीही पाठवण्याआधी हे ओळीन् ओळ बोट ठेवून वाचणार.

मंगळवारी दुपारी कंपनीचा मेल आला. निहारिकाच्या नावावर तीन वर्षांत एकही पॅच नाही, तेव्हा तिचं काँट्रॅक्ट संपवत आहोत. काही म्हणायचं असल्यास पाचपर्यंत कळवा.

"एकही नाही? अर्ध्याहून जास्त काम तीच करते!" म्हणत यांनी जुनी पॅच उघडली आणि यांचा चेहरा उतरला. सगळ्यात वर, काम करणाऱ्याचं नाव असतं तिथे, यांचंच नाव होतं. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. एकटे असताना यांनी ते स्क्रिप्टमध्ये कायमचं लिहून ठेवलं होतं. निहारिका आल्यावर बदलायचं राहून गेलं. दर वेळी बोटाखालून जायचं, पण स्वतःचं नाव कोण वाचत बसतं?

"प्रतिभा, बडी गडबड हो गई," हे म्हणाले. "ते मला चोर समजतील. माझंही काम जाईल."

खोटं कशाला बोलू, यांनी गप्प राहावं असं माझ्या मनात आलं. पोरगी हुशार आहे, तिला दुसरीकडे मिळेल. यांना पंचावन्नाव्या वर्षी कोण घेणार? चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझी मलाच लाज वाटत होती.

बाहेर आले तोवर यांनी स्क्रिप्ट बदलली होती. आता नाव गिटमधून येत होतं. तीन वर्षांच्या सगळ्या पॅच पुन्हा काढल्या. दोनशे चारपैकी एकशे एकतीस निहारिकाच्या. यादी जोडली, खाली लिहिलं की चूक माझी आहे, आणि माउसवर हात ठेवून बसून राहिले. साडेचार झाले, पावणेपाच झाले.

"अहो, पाठवा आता!" शेवटी मीच ओरडले. पाठवलं.

सव्वापाचला उत्तर आलं. तिचं काँट्रॅक्ट चालू राहील. यांच्याबद्दल एक शब्द नव्हता. निहारिका त्या दिवशी सुटीवर होती. यांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर ठेवला, सगळं सांगितलं आणि दोनदा माफी मागितली.

"सर, टेंशन नका घेऊ," ती म्हणाली. "मला तर पहिल्याच महिन्यात पता चललं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच तसं ठेवलंय."

फोन ठेवल्यावर हे खुर्चीतून उठलेच नाहीत.

"तीन वर्षं," म्हणाले. "रोज सर म्हणायची गं मला."