रविवारचा मेंढीकोट

मे महिन्यातली सकाळ होती. मी नळीने कूलरमध्ये पाणी भरत होते. नळ सकाळी थोडाच वेळ येतो, त्यामुळे त्या वेळी मला कोणी हाक मारलेलीही खपत नाही. शेजारचे भाऊजी फाटक उघडून आत आले, कूलरजवळ थांबले. टाकी भरून पाणी खाली वाहत होतं, तिकडे माझं लक्षच नव्हतं. त्यांनी आधी नळ बंद केला आणि मग म्हणाले, "सुधाबाई, विमल गेली. पहाटेच गेली." माझ्या हातातली नळी हातातच राहिली… त्याला आता महिना उलटून गेला आहे.

विमलवहिनींचं आणि आमचं कुंपण एकच. भाऊजी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, आमचे हे शाळेत. दर रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून वहिनींच्या बैठकीत चटई पडायची आणि पत्त्यांचा मेंढीकोट सुरू व्हायचा. आम्ही दोघी एका बाजूला, नवरे दुसऱ्या बाजूला. चारांपैकी जास्त दश्श्या ज्या जोडीकडे जातील ती जिंकली, असा साधा खेळ. फक्त जिंकलेला हात, म्हणजे त्या फेरीची चार पानं, पालथा ठेवायचा आणि पुन्हा उलटून बघायचा नाही. कोणतं पान गेलं हे ज्याच्या डोक्यात पक्कं, त्याचाच डाव. आणि वहिनींच्या डोक्यातून काही जात नसे. आत वांग्याचा रस्सा शिजतोय, दारात भाजीवाली उभी आहे, तिच्याशी घासाघीस चालली आहे, आणि इकडे यांना टोला, "इस्पिकची राणी केव्हाचीच गेली, गुरुजी. कोणाची वाट पाहून राहिले?" हे बिचारे ओशाळायचे. आम्ही दोघी खुणा करतो असा भाऊजींना कायमचा संशय. वहिनींनी कान खाजवला तरी ते डाव थांबवायचे. खुणा आम्ही कधीच केल्या नाहीत. तशी गरजच नव्हती.

मग वहिनींच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पाठोपाठ कितीतरी महिने केमोची इंजेक्शनं चालली. केस गेले, जेवण गेलं, ते सगळं त्यांनी मुकाट्याने काढलं. शेवटी रिपोर्ट चांगला आला, भाऊजींनी घरोघरी पेढे दिले, आणि वर्षभरात डोक्यावर छान कुरळे केस आले. येणारीजाणारी म्हणायची, "आता तर ठणठणीत झाल्या." वहिनी हसून मान डोलवायच्या. पण चार पोळ्या लाटल्या की त्या ओट्याला धरून उभ्या राहत. वेणी घालता घालता हात भरून येत, अर्धी वेणी तशीच सोडून पडून राहत. झोप काढूनही तो थकवा उतरत नसे. आणि शब्द सापडत नसत. एकदा मला म्हणाल्या, "ते दे वं जरा, ते… गंजावर ठेवतो ते…" झाकण हा शब्द त्यांना आठवेना. मी झाकण दिलं, त्या ते हातात घेऊन बघत बसल्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या. भाऊजी माणूस चांगला, पण त्यांना रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य. "सगळं नॉर्मल आहे जी. थोडं मनावर घ्यायले पाहिजे तिनं," असं ते वहिनींच्यादेखत म्हणत. मला संताप यायचा. वहिनी मात्र खाली मान घालून तांदूळ निवडत राहत.

रविवारचा खेळ पुन्हा सुरू झाला तो भाऊजींच्याच हट्टाने. डोकं चाललं की तब्येत सुधारेल, असं त्यांचं गणित. आम्ही हरायला लागलो. गेलेली पानं वहिनींना आठवत ना, त्या मला डोळ्यांनी विचारत आणि मला सांगता येत नसे. मग एके रविवारी आम्ही अचानक जिंकायला लागलो. वहिनींनी किलवरचा एक्का टाकला आणि भाऊजींनी त्यावर अलगद किलवरची दश्शी दिली. पुढच्याच हाताला त्यांच्याकडून किलवरची सत्ती पडली. वहिनींनी हातातली पानं चटईवर ठेवली.

"सत्ती होती ना तुमच्याजवळ? मंग दश्शी काहून टाकली?"

"तुले बरं वाटावं म्हणून," भाऊजी म्हणाले.

"मले बरं नाही वाटून राहिलं, हे सांगते तर मानत नाही. अन् पत्त्यात बरं वाटवून राहिले." आवाज चढलेला नव्हता. "केस वापस आले जी. मी पूरी वापस नाही आली. मले जिंकवू नका. आठवत नाही म्हणते, तेवढं खरं माना."

त्यांनी पालथ्या ढिगांकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "हात पालथे नका ठेवू. उघडे राहू द्या. दिसलं तर मी खेळते बराबर."

"असं कुठं असते?" भाऊजी म्हणाले. "मंग खेळात राहिलं काय?"

"मी राहिली ना."

मी आमचे हात उलटून उघडे केले. भाऊजी बराच वेळ आपल्या ढिगाकडे बघत होते… मग त्यांनीही एकेक हात उघडून चटईवर मांडला.

तेव्हापासून आम्ही उघडंच खेळलो. कधी जिंकलो, पुष्कळदा हरलो, पण खरंखुरं हरलो. भाऊजींनी ओट्याशी एक उंच स्टूल आणून ठेवलं. कोणी "आता काय झालं यांना?" असं विचारलं तर तेच सांगत, "आजारातला थकवा आहे तो. आळस नाही." वहिनी दोन डावांनंतर "बस" म्हणत आणि तिथेच चटईवर कूलरसमोर लवंडत, आणि आम्ही तिघं हळू आवाजात बोलत बसायचो. पुढे काही शब्द परत आले, काही आलेच नाहीत. त्या चांगली काही वर्षं जगल्या. मग आजार फिरून आला, आणि या खेपेला त्याने फार दिवस लावले नाहीत.

परवाच्या रविवारी भाऊजी पत्ते घेऊन आमच्याकडे आले. सोबत त्यांची लेक मंगला होती. ती आजाराच्या आधीच लग्न होऊन अमरावतीला गेलेली, सध्या वडिलांसाठी येऊन राहिली आहे. चौथा भिडू हवा म्हणून ती माझ्यासमोर बसली, वहिनींच्या जागी. मला पानं नीट दिसत नव्हती. पहिला हात मंगलाचाच झाला. सगळे करतात तसा तिने चारी पानं गोळा करून पालथी ठेवली.

भाऊजींनी वाकून तो हात उलटला आणि पानं एकेक करून दिसतील अशी पसरली.

"बाबा, असं काहून?" मंगलाने विचारलं.

"आपल्या घरी उघडंच खेळतात," ते म्हणाले. "टाक, तुझं पान टाक."